उजव्या खांद्याचा फोटो

एक्याऐंशी साल. रास्ता पेठेतला दवाखाना.
मी नवी, आणि एक्स-रेच्या खोलीला खिडकी नाही.
चिठ्ठीवर : सोपान बहिरट, वय साठ,
सायकल स्टँडवर पडले, उजवा खांदा.
मी म्हटलं, काका, शर्ट काढा.
त्यांनी तो असा काढला
की समोर कुणी तिकीट काढून बसलंय.

"श्वास रोखा."
"किती वेळ?"
"मी सांगेपर्यंत."
"बंडाच्या डोहात दीड मिनिट रोखलाय, बाई.
कॅमेऱ्याची चावी संपली होती,
आणि मला वर बोलवायचं
कुणाच्या ध्यानातच आलं नाही."

ओली फिल्म क्लिपला टांगून दिव्यापुढे धरली
तर गळ्याचं हाड दोनदा मोडलेलं, दोनदा
भलतीकडेच जुळलेलं,
फासळ्यांवर गाठी, दोराला माराव्यात तशा.
बाहेर थांबा म्हटलं तरी ते आत आलेच,
चष्मा कपाळावर सारून वाचू लागले.

"ही 'सात किल्ल्यांचा चोर'.
पर्वतीच्या पायऱ्या, घोडीसकट.
घोडी रेसकोर्सवाल्यांनी काढून टाकलेली, एका डोळ्यानं अधू.
पण उडी मारताना ती दोन्ही मिटायची,
म्हणजे फरक काही नाही.
आणि ही बारकी चीर, हा 'पोलादी बुरखा'.
छत खरं होतं. गवत खोटं."

भांबुर्ड्याच्या तालमीतलं पोरगं,
रोज शेरभर दूध मिळतं ऐकून कंपनीत गेलं.
पडद्यावर मास्टर धूमकेतू,
महिना नव्वद रुपये, हाड मोडलं तर खाडा.
आगीतून पळायचं असलं की नायिकेच्या जागीही तोच,
लुगडं नेसून, मिशीपायी पाठमोरा.
"आई म्हणायची, बाईची काय छाती आहे रे!
तू शिक काहीतरी तिच्याकडनं."

मग दिवाणखान्यांचे चित्रपट आले.
जिन्यावरून नुसतं चालत उतरायचं,
खाली येऊन म्हणायचं, मला माफ कर, सुलोचने.
तेवढं काही जमलं नाही.
दोनदा कठड्यावरूनच आले खाली, सवयीनं.

"आणि त्या फिल्मा?"
मी फिल्म वाळवत होते, म्हणून विचारलं.
एक गेली पुरात, एकसष्टच्या,
शनिवारातल्या कुणाच्या तळघरात.
बाकीच्या रतलावर विकल्या मालकानं.
गरम पाण्यात धुऊन चांदी काढायचे म्हणे,
उरल्याच्या बांगड्या.
"बोहरी आळीत हिला डझनभर घेतल्या, हिरव्या.
दिव्यापुढे धरून बघितल्या एकेक.
काय दिसणार?
हिनं विचारलं, तडा गेलाय का?
मी म्हटलं, नाही."

डॉक्टरांनी झोळी दिली, तीन आठवडे.
तपकिरी पाकीट त्यांनी डाव्या काखेत धरलं
आणि जिन्यावरून
चालत उतरले.

दिवाळीनंतर मी त्या टॉकीजला गेले,
सायकल लावायला.
स्टँडच्या पत्र्याच्या खोपटात
चाळिसाच्या बल्बापुढे दोन चिमट्यांवर माझी फिल्म,
आणि मध्यंतराला बाहेर आलेली पोरं,
खिशात फुटाणे, तोंड उघडं.
"इथून घोडी आली... हा कडा...
आणि इथे खाली काही नाही."
"मग?" एकानं विचारलं.
त्यांनी श्वास रोखला.
पोरांनीही.

कोपऱ्यात शिशाचं 'आर' अक्षर तिरकं उमटलंय,
उजवी बाजू कळावी म्हणून लावतात ते.
माझ्या हातून कलंडलं होतं त्या दिवशी.
एका पोरानं त्यावर बोट ठेवलं.
"ती कंपनीची खूण," ते म्हणाले.

मला त्यांनी ओळखलं नाही.
बिल्ला दिला, त्रेचाळीस नंबरचा,
आणि दहा पैसे आधी मागून घेतले.