तीन ते अकरा

पवननगरच्या पाण्याच्या टाकीपाशी
दुपारी दोन चाळीसला
आमची आणि आईची गाठ पडायची.
ती कंपनीच्या बसकडे निघालेली,
आम्ही शाळेतून सुटलेलो.
फार तर चार मिनिटं.
तेवढ्यात ती शलाकाची एक वेणी सोडून पुन्हा घालायची,
माझ्या कॉलरचा मळ बघून जीभ चावायची,
आणि गळ्यातली किल्ली काढून
माझ्या गळ्यात घालायची.
किल्ली कोमट असायची.

"पातेल्यात वरण आहे.
गॅसला हात लावायचा नाही.
घुगेकाकूंकडे सारखं जायचं नाही."
मग बस.

अंबडला ती रिले तपासायची.
भिंगाखाली केसाएवढी तार,
मिनिटाला सहा नग,
पाठीशी बोरस्ते साहेबांचं घड्याळ.
बरोबर असला तर हिरवा ठिपका, चुकला तर लाल.
रविवारी मेथी निवडतानाही
तिचा डावा डोळा आपोआप बारीक व्हायचा.
आमच्याकडे बघतानाही व्हायचा कधी कधी,
तेव्हा आम्ही नीट उभे राहायचो.

लोक म्हणायचे, पोरं वाऱ्यावर सोडलीत.
आम्हाला वारा माहीत होता.
गच्चीत दोरीवर तिचा निळा कोट वाळायचा,
बाह्या फुगवून,
पांडवलेण्यांच्या डोंगराकडे हात करून,
आणि आम्ही त्याच्याखाली बसून
कच्चे शेंगदाणे खात पाढे म्हणायचो.
संध्याकाळ मात्र लांब असायची.
ते खोटं कशाला सांगू.

अण्णा साडेसहाला यायचे,
शर्ट खुंटीला, आणि थेट परात.
त्यांची पहिली भाकरी शलाकानं
भूगोलाच्या वहीत ठेवून गिरवली होती,
खाली लिहिलं होतं : बागलाण तालुका.
सटाण्याची आत्या न सांगता आली की
अण्णा आधी मोरीत जाऊन
बोटांचं पीठ खरवडून काढायचे,
मग कडी.
मी सहावीत असताना एकदा
ते तसेच गेले, पिठाच्या हातांनी,
आणि म्हणाले, "ये अक्का, बस. गरम वाढतो."
आत्या जेवली. काही बोलली नाही.
दुसरी भाकरी तिनं मागून घेतली.

त्याच वर्षी शाळेत एक फॉर्म भरायचा होता.
आईचा व्यवसाय, या रेघेवर
मी लिहिलं, गृहिणी.
सुबक अक्षरात.
वर्गातल्या बहुतेकांनी तेच लिहिलं होतं,
आणि माझ्या बाकावर निकुंभ बसायचा,
ज्याची आई डब्यात रोज वेगळं द्यायची.
सहीसाठी फॉर्म देव्हाऱ्यापाशी ठेवून झोपलो.
सकाळी सही होती.
आणि त्या शब्दाशेजारी, अगदी बारीक,
लाल ठिपका.

ती त्यावर कधीच बोलली नाही.
मी खोडून काय लिहिलं तेही तिनं विचारलं नाही.

रात्री साडेअकराला ती दार वाजवत नसे.
नखानं एकदा ओरखडायची.
डिसेंबरातल्या नाशिकच्या थंडीतही
गोधडीतून मला ते ऐकू यायचं,
घरात दुसऱ्या कुणालाच नाही.
तिच्या केसांना सोल्डरिंगचा जळका वास.
ओट्याशी उभ्यानं ती गार वरणभात खायची,
मी स्टुलावर बसून बघायचो.
"झोप की."
"हं."
एवढंच. पण रोज.

परवा शलाकाचा फोन आला, पुण्याहून,
ऑफिसातूनच, रात्री पावणेनऊला.
तिची लेक पाळणाघरातून घरी पोचली होती
आणि आईशी फोनवर बोलायला तयार नव्हती.
"दादा, खरं सांग," म्हणाली,
"आपल्याला एकटं वाटायचं का रे?"

वाटायचं, म्हणालो.

ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, मलाही.
मग म्हणाली, ते गार वरण
वरची साय मोडून काय लागायचं ना.
मग कुणीतरी तिला आतून हाक मारली.