टिकेल इतकाच वेग

केमीची खाडी गोठली की
इर्मेली प्रोसेसरला वेग चढवायला बसते.
पाच पूर्णांक दोन गिगाहर्ट्झ.
पडदा निळा. सगळं ठप्प.
ती चिडत नाही. वहीत पेन्सिलीनं
व्होल्टेज खोडते, पुन्हा लिहिते.

कागदाच्या कारखान्यात एकतीस वर्षं
बेअरिंगवर तळहात टेकून सांगायची :
हे वर्ष काढेल,
हे नाताळ बघणार नाही.
साहेबांना विक्रमाचा आकडा हवा असे;
कागद फाटला की पहाटे तीनला
हाक मात्र इर्मेलीला.

पाचवर रात्रभर चाचणी. ब्याऐंशी अंश.
"चालेल की," फोनवर पेत्तेरी, धाकटा.
चालेल आणि टिकेल यांच्या मधे
एक अख्खा कारखाना मावतो, बंद पडलेला,
हे त्याला कुठून ठाऊक.

व्होल्टेज केसभर खाली. चार पूर्णांक आठ.
एकाहत्तर अंश. पंखा
झोपलेल्या मांजराएवढा घोरतो.

दलदलीत टांगलेल्या माइकनं
उन्हाळाभर जे जे ऐकलं
त्यातून क्रौंचांच्या हाका वेचायच्यात.
तीन हिवाळे लागतील, कदाचित चार.

ती पेटीवर तळहात ठेवते,
सवयीनं.
मग स्वतःच्या वयाचा हिशेब करून
आणखी शंभर मेगाहर्ट्झ
सोडून देते.