सुटे खिळे मिळतील

दारावरची पाटी अजून आहे:
'सुटे खिळे मिळतील'.
खाली पेन्सिलीनं, मागाहून सुचल्यासारखं:
'एकसुद्धा'.

चर्चमध्ये पाद्री म्हणाला, आर्व्हो लेहटिनेन
कुटुंबवत्सल होता, धंद्यात सचोटीचा.
दोन्ही खरं.
मला मात्र तेवढ्यात त्यांच्या कानामागची पेन्सिल आठवली,
जी शोधायला ते सगळं दुकान उलथंपालथं करत
आणि आम्ही भावंडं गप्प बसायचो, मजा म्हणून.

सुपीरियर सरोवर गोठलं की गावही गोठायचं.
मग हीटरभोवती चार म्हातारे,
काहीही विकत न घेणारे.
"गिऱ्हाइकं कसली, फर्निचर आहे ते,"
म्हणत बाबा त्यांच्या कपात कॉफी ओतायचे.

उधारीच्या वहीत एक ओळ आहे:
'तुओमीबाई. फावडं एक. बर्फ वितळल्यावर.'
त्यानंतर बर्फ अकरा वेळा वितळलं.
ओळ खोडलेली नाही,
आणि बाई दिसल्या की बाबा रस्ता ओलांडायचे,
त्यांना आठवू नये म्हणून.

हायवेवर ते मोठं दुकान आलं
तेव्हा बाबा एकदा जाऊन आले, हात पाठीशी बांधून,
सगळ्या रांगा फिरून.
"छान आहे," म्हणाले. बराच वेळानं:
"पण तिथं विचारायचं कुणाला?"
त्या वर्षी आमच्या घरी नवे बूट आले नाहीत.
हेही सांगायला हवं.

पावणेसहाला कुलूप. कुणी काचेवर ठोठावलं तरी.
"दुकान रोज उघडतं,
बटाटे एकदाच गरम असतात."

आईचा उजवा हात गेला त्या हिवाळ्यात
ते काउंटरखाली नायलॉनची दोरी घेऊन बसायचे,
तीन पदर, उलटसुलट, पुन्हा सोडून पुन्हा.
चौघे म्हातारे हीटरकडे बघत राहायचे, जणू त्यात काही चाललंय.
पहिली वेणी बोट बांधायच्या दोरासारखी झाली.
आई आरशात बघून म्हणाली,
"आता वादळातही मी सुटून जायची नाही."
सहा वर्षं. रोज सकाळी, दुकानाआधी.

माझ्या लग्नात सगळे भाषणाची वाट बघत होते.
बाबा सापडेनात.
हॉलच्या मागच्या दाराची बिजागरी कुरकुरत होती म्हणे,
तेलाची बाटली कोटाच्याच खिशात.
मी रागावले होते. बरीच वर्षं.
परवा त्या हॉलवर गेले,
दार ढकललं.
आवाज नाही.

आज मी आणि रेइनो दुकान रिकामं करतोय.
वॉशर, नट, कड्या, कुणाकुणाच्या घरांच्या
न्यायच्या राहिलेल्या किल्ल्या.
सगळ्यांवर चिकटपट्टी, त्यांचं तिरकं अक्षर.
तळाच्या फळीवर एक बरणी,
आत पितळेचे काहीतरी तुकडे,
वर लिहिलंय:
'कशाचे ते आठवत नाही. टाकू नये.'

रेइनोनं ती कचऱ्याच्या डब्यावर धरली.
वाचली.
पुन्हा वाचली.
मग गाडीत पुढच्या सीटवर ठेवली
आणि मी बघत नाही असं वाटून
तिला पट्टा लावला.