उणे एकशे अठरा

गाडीत चार फोन, एक लॅपटॉप,
टपावर चुंबकानं चिकटवलेला जीपीएस
आणि स्टिअरिंगवर झाकीर,
जो तीन वर्षांत एकदाही म्हणाला नाही, मॅडम, हे कशासाठी?

पाम बीच रोड आम्ही पहाटेच उरकतो.
तिथे आकडे पाहुण्यांसमोरच्या मुलांसारखे वागतात :
उणे सत्तर, उणे बहात्तर.
आमच्या धंद्यात सगळेच उणे. अधिक कोणालाच नाही.
ज्याचं उणं कमी, तो सुखी.
ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी हे सांगितलं तेव्हा वाटलं,
एवढं तर मी घरूनच शिकून आलेय.

ऐरोलीच्या पुलापाशी आमचाच फलक आहे.
बर्फाच्या शिखरावर एक मुलगी फोनवर खिदळतेय.
तुम्ही कुठेही असा. आम्ही आहोत.
शेवटी एक चांदणी,
आणि तिचा अर्थ खाली, बाभळीच्या मागे,
मुंगीएवढ्या अक्षरात.

सेक्टर वीसमधल्या एका सोसायटीनं
गच्चीवर टॉवर नको असा ठराव केला, एकमतानं.
त्याच सभेत, चहानंतर, ठराव दुसरा :
रेंज येत नाही, कंपनीला खरमरीत पत्र लिहावे.
ते पत्र माझ्याकडे आहे. अक्षर सुंदर आहे.

गोठिवली गावठाणात गाडी शिरत नाही.
ग्रिलला ग्रिल भिडलेल्या इमारती,
वर आभाळ, दाताला लावायच्या दोऱ्याएवढं.
मी एक फोन घेऊन पायी आत जाते.
उणे शंभर.
उणे एकशे बारा.
उणे एकशे अठरा. मग आकडाही नाही, नुसती रेघ.

जिन्यात ठमाबाई मढवी,
कठड्यातून अर्धी बाहेर,
फोन तोंडासमोर पापडासारखा आडवा धरून :
आयकतंस का गो? आयकतंस का?
माझ्या हातातलं यंत्र बघून म्हणाली,
"तितं नाय. पाचवे पायरीवर ये.
सकाली सारेआठपर्यंत येतंय, मंग जातंय."

मी पाचव्या पायरीवर गेले.
उणे एकशे चार.

पायरीची कड झिजून गुळगुळीत झाली होती.
विचारलं, कोण आहे फोनवर? मुलगा, दुबईला वगैरे?
"लेक हाय. ऐरोलीला दिलीय."
रिक्षानं चाळीस रुपये.

संध्याकाळी महापेच्या ऑफिसात
माझ्या लाल ठिपक्यांची सरासरी काढतात.
गोठिवलीच्या बोळात ठाणे-बेलापूर रस्ता मिसळतात,
ताकात पाणी घालावं तसं,
आणि निघतो फिकट हिरवा.
जाहिरातीपर्यंत पोचता पोचता तो गडद होतो.
परवा पाहिलं, त्या नकाशात
खाडीच्या मधोमधसुद्धा फुल रेंज आहे.
फ्लेमिंगो कोणाला फोन करतात, देव जाणे.

या वेळी शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं :
जिना, पाचवी पायरी, सकाळी साडेआठपर्यंत.
सिस्टीमनं परत पाठवलं.
अमान्य नोंद. फक्त अक्षांश-रेखांश भरा.

झाकीरला दाखवलं.
त्यानं स्क्रीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि तीन वर्षांत पहिल्यांदा विचारलं,
"मग आता ती पायरी कुठे गेली?"

मी म्हटलं, चल,
घणसोली राहिलीय अजून.