पाच गुणांचा प्रश्न

घटक चाचणी, अकरावी ब, वसमत.
प्रश्न चौथा : धर्मयुद्धांचे युरोपवर झालेले
सामाजिक व आर्थिक परिणाम लिहा.

खिडकीखाली पेठेत हळद ओतायलेत.
सौद्याची हाळी, पिवळी धूळ,
गठ्ठ्यातल्या प्रत्येक कागदाची कड पिवळट.

पोरांनी मुद्दे पाडलेत, गाइडातले, त्याच क्रमानं.
सरंजामशाही ढासळली. व्यापार वाढला.
व्हेनिस, जिनोआ श्रीमंत झाले.
एकानं जिनोआचं जालना केलंय.
अर्धा गुण कापला, मग वाटलं राहू द्यावा,
गलबतवाला काय नि मालट्रकवाला काय,
भाडं आधी, देव मागून.

नफीसा मणियारनं मुद्दे पाडलेच नाहीत.
"सरदार जाताना जमीन मठाकडं गहाण टाकून गेले.
घोडा महाग होता.
मागं राहिलेल्या बायकांनी किल्ल्या कमरेला लावल्या,
धान्य मोजलं, भांडणं मिटवली, शिक्का मारला.
काही सरदार परत आले
तेव्हा घरात काय कुठं ठेवलंय
हे त्यांना विचारावं लागायचं."

हे पुस्तकात नाही.
हिचे वडील जेद्दाहला ट्रेलर चालवतात, सहा वर्षं झाली.
आई मोंढ्याच्या कोपऱ्यावर बांगड्या भरते.
पालकसभेला आली होती,
सहीपाशी अडली नाही, बोलता बोलता करून टाकली.

"कुळांनी पैसे भरून स्वतःला सोडवून घेतलं.
मिरी गेली, साखर गेली.
साखर हा शब्दसुद्धा आपल्याकडूनच चालत गेला,
तिकडं जाऊन गोरा झाला."
इथं मी हसले.

कोण जिंकलं ते तिनं लिहिलं नाही.
प्रश्नात नव्हतंच.
शेवटी मात्र, घंटा होता होता, तिरप्या अक्षरात :
"सैन्य अजून वाटेतच होतं,
तेव्हाच ऱ्हाइन नदीकाठच्या ज्यू वस्त्यांत माणसं मारली.
हा परिणाम सामाजिक का आर्थिक,
मॅडम, मला कळलं नाही."

नमुना उत्तरात पाच मुद्दे, प्रत्येकी एक गुण.
पुन्हा वाचून पाहिले.

खाली तराजूवर पोतं आदळलं.
हमाल मोजायला लागला : लाभ... दोन... तीन...
पहिल्याला एक म्हणायचं नसतं.

टोपण लावलं, काढलं.
नफीसाच्या गुणांच्या चौकटीत
हळदीचं बोट उमटलंय,
माझंच असणार.