गिरणीची भिंत

पैकूजी जिवतोडेच्या गिरणीत
पट्ट्यापेक्षा भिंत जास्त चालते.
सकाळी लाईट यायच्या आधी
पिठानं पांढऱ्या झालेल्या बोटांत खडू धरून
तो एक ओळ लिहितो,
आणि लाईट आली तरी बटण दाबायचं विसरतो.
डबे रांगेत. आम्ही पोट्टे डब्यांवर.

ऑक्टोपसला तीन हृदयं असतात.
लाईनमन वाचून गेला, परत आला, म्हणाला,
"इथं एकाच्या गोळ्या झेपत नाही, बापा."

मिरची पाचशे वर्षांआधी आपल्या देशात नव्हती,
जहाजातून आली.
ही ओळ बायांनी मनावर घेतली.
सुपं मांडीवर ठेवून गप्प बसल्या जराशा.
मग ज्योत्स्ना खिरटकर म्हणाली,
"मंग त्याच्या आंधी नजर कायनं उतरवत होते?"
पैकूजीला उत्तर आलं नाही.
ती ओळ त्यानं तीन दिवस पुसली नाही.

बांबू हे झाड नव्हे, गवत आहे.
दौलत बुरड हसला नाही.
टोपल्या, सुपं, कणग्या,
गेल्या साली बापाची तिरडी,
सगळं त्याच्याच हातचं.
बोटांवरचे काप उलटसुलट बघत
"म्हनूनच कापते," म्हणाला,
आणि आपला ज्वारीचा डबा पुढं सरकवला.

अंतकला नन्नावरे मात्र
दळण टाकून घरी जात नाही.
तिला वाचता येत नाही,
म्हणून आमच्याकडून वाचून घेते
आणि पटलं नाही तर पुसायला लावते.
त्या दिवशी पैकूजीनं अख्खी भिंत वापरली,
अक्षरं शेवटी शेवटी दाराच्या चौकटीवर चढली:
पिसदुऱ्याच्या शिवारात मिळणारे काही दगड
दगड नाहीत.
शेण आहे. साडेसहा कोटी वर्षांचं.

"कोनाचं?"
"डायनोसॉरचं असंन म्हनते. पक्कं कोनीच सांगत नाही."
"माह्या चुलीचा तिसरा दगड तिथलाच हाय."

गिरणी तेव्हा बंदच होती,
तरी अजून काही बंद पडल्यासारखं झालं.
पस्तीस वर्षं गोवऱ्या थापलेले हात
तिनं समोर धरून पाहिले.
"मंजे मी गोवरीवर गंज ठेवून
गोवरीनंच जाळ घालत होती?"

पैकूजीला सांगायचं अजून बाकी होतं.
की शास्त्रज्ञांनी ते शेण भिंगाखाली पाहिलं,
आत गवताचे कण होते, काचेसारखे,
त्यातला एक तर धानाच्या भाऊबंदांपैकी,
आणि तोवर सगळी पुस्तकं सांगत होती
की ती जनावरं होती तेव्हा
पृथ्वीवर गवत उगवलंच नव्हतं.
हे सांगताना त्याचा आवाज कापत होता,
पिठाची पोती ऐकत होती.

अंतकला म्हणाली,
"शेनात गवत नाही राहीन तं काय राहीन?
माले इचारलं असतं."

मग उठली, लुगड्याचा पिसारा झटकला.
"आता माहं लिहि.
गाय उठते तं मांगचे पाय आंधी.
घोडा पुढचे आंधी."
पैकूजीनं खडू उचलला,
पण लिहिलं नाही.
त्याच्या गिरणीमागं गोठा आहे, बापाच्या काळापासून.
गाय कशी उठते
हे त्याला आठवेना.

लाईट आली.
डबे तसेच. कुणीतरी हाक मारली.
तो मागच्या दारानं गेला
आणि कपिलेसमोर उकिडवा बसला.
आम्हीही बसलो.
अंतकला दारात उभी, पदर दाताखाली.

कपिला रवंथ करत होती.
एक कान हलवला. माशी उडाली.
डोळे मिटून घेतले.
उठायचं काही
तिच्या मनात दिसत नव्हतं.