आईच्या बापाची नोंद

सारेमा बेटावर जानेवारीत उजेड येतो
तो पाहुण्यासारखा, बूट न काढता,
आणि उंबऱ्यातूनच परत जातो.
तेवढ्यात मी चार गोठे उरकते.
कालवडीचा कान धरायचा, चिमटा दाबायचा,
तांदळाच्या कणीएवढा तुकडा नळीत.
ती डोकं झटकते. मी 'झालं, झालं' म्हणते.

तार्तूचं यंत्र त्या कणीत पन्नास हजार खुणा वाचतं
आणि सांगतं, ही पुढे दूध किती देईल,
साय किती धरेल, कास किती वेतं टिकेल,
खूर सडतील का.
अजून हिला शिंगं फुटायचीत.

हेल्दुरला हे पटायचं नाही.
गाय पाहावी ती मागून, चालताना,
आणि तिची आजी आठवावी, म्हणायचा.
त्याच्या वहीत निळ्या शाईत चार पिढ्या.
मेलेल्यांपुढे फुली. विकलेल्यांपुढे काहीच नाही.

यंदा त्याच्या सोळा जणींचे निकाल आले.
पंधरा यथातथा.
सोळावी, पुनिक, अख्ख्या बेटात पहिली.
आणि खाली एक ओळ, यंत्राला कसली भीड:
आईच्या बापाची नोंद जुळत नाही.

त्याने चष्मा पुसला. पुन्हा वाचलं.
वहीत डेन्मार्कचा बैल होता,
नळकांड्यातून गोठून आलेला, पावती टाचलेली.
खरा कोण, हे यंत्राला माहीत नव्हतं.
आम्हा दोघांना होतं.

अकरा वर्षांपूर्वीचा जून. न मावळणारी रात्र.
शेजारच्या आर्वोचा बैल दगडी बांध पाडून आत आला.
आखूड मानेचा, मागचे पाय आत वळलेले.
'असली पैदास माझ्या गोठ्यात नको,'
हेल्दुर तेव्हा गावभर बोलला होता.
बांध कुणी रचायचा यावरून जी बोलाचाली थांबली
ती थांबलीच.
बैलाचे त्याच शरदात सॉसेज झाले.
आर्वो परवाच्या हिवाळ्यात गेला.
आणि जत्रेत दरवर्षी हेल्दुर जिच्या दुधाची फुशारकी मारायचा,
ती पुनिकची आई.

'नातीत आजोबाचा हिस्सा किती?' त्याने विचारलं.
'पाव,' मी म्हटलं. 'थोडा कमी, थोडा जास्त.'

त्याने पेन उचललं, ठेवलं.
मग पेन्सिल शोधली. ती सापडेना.
शेवटी उठला, फडताळातली लोण्याची वडी काढली,
सुरीने आधी अर्धी, मग अर्ध्याची अर्धी,
त्यातला जरा मोठा तुकडा निवडून
कागदात गुंडाळला.

'वाइकेला काय सांगशील?' मी.
'काय सांगायचं! लोणी आहे म्हणेन.'

मला अजून दोन गोठे होते.
गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडताना पाहिलं:
रस्त्याने गेला नाही तो.
बांध जिथे पडलाय, अजून पडलेलाच आहे,
तिथून, दगडांवर हात टेकत टेकत,
पलीकडे उतरला.